शिकणे ही शिकणाऱ्याची अमानत



जून महिना आला की आपल्या वस्त्यांमधून एक चांगले काम सुरू होते. कोणी वह्या वाटतो, कोणी दप्तरे देतो, कोणी एखाद्या अनाथ मुलाची फी भरतो. जकात आणि सदक्याचा काही भाग या कामी लागतो, ही समाधानाची गोष्ट आहे. अल्लाह हे दान स्वीकारो.

परंतु त्याच वह्या मार्च महिन्यात एकदा उघडून पाहाव्यात. अनेक वह्यांची पहिली दहा-बारा पाने सुंदर अक्षरांत भरलेली असतात आणि पुढची कोरी असतात. मोफत शिकवणीला बसणारा मुलगा शिकविणारा आला तर पुस्तक उघडतो. तो आला नाही तर दप्तराची चेनही उघडत नाही. नापास झाला तर तो म्हणतो, सरांनी शिकवलेच नाही. उत्तीर्ण झाला तर म्हणतो, सरांनी पास केले. अपयश त्याचे नाही आणि यशही त्याचे नाही. वही त्याला मिळाली, शिक्षण मात्र त्याचे झाले नाही.

हा दोष त्या मुलाचा आहे असे समजून थांबणे सोपे आहे. परंतु आपण मदत कशी करतो, याचाही विचार करणे आवश्यक आहे. ज्या मुलासाठी सर्व निर्णय दुसऱ्यांनी घेतले, ज्याला कधी कोणी विचारले नाही की तुला काय समजले आणि काय समजले नाही, तो मुलगा घेणारा होतो, शिकणारा होत नाही. प्रस्तुत पाठात आपण हेच पाहू या, की गरीब आणि वंचित विद्यार्थ्याला आधार देतानाच त्याच्या शिक्षणाची धुरा त्याच्या हाती कशी द्यावी, आणि या बाबतीत कुरआन व प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आचरण आपल्याला काय शिकविते.

प्रत्येकाची नोंदवही वेगळी

प्रेषित (स.) यांच्यावर अवतरलेला पहिला शब्द वाचण्याची आज्ञा आहे. ही आज्ञा एकवचनी आहे. ती एका व्यक्तीला उद्देशून आहे, आणि ती व्यक्ती निरक्षर होती. अडचण मोठी होती, तरीही आज्ञा त्यांनाच झाली. पुढच्याच आयतींत अल्लाहने सांगितले, की लेखणीद्वारे शिकविणारा आणि मनुष्याला अज्ञात गोष्टींचे ज्ञान देणारा तोच आहे (सूरह अलक, आयत १ ते ५). म्हणजे आज्ञेबरोबर मदतीचे आश्वासनही आले. जबाबदारी आणि आधार, या दोन्ही गोष्टी पहिल्याच संदेशात एकत्र आहेत.

सूरह नज्ममध्ये (आयत ३९) हे तत्त्व स्पष्ट केले आहे, की माणसाला तेच मिळते ज्यासाठी त्याने स्वतः प्रयत्न केला. सूरह बनी इस्राईलमध्ये (आयत १३-१४) अंतिम दिनाचे जे दृश्य आहे, ते शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे. त्या दिवशी प्रत्येकासमोर त्याची नोंदवही उघडी ठेवली जाईल आणि त्याला सांगितले जाईल, की ती तू स्वतःच वाच. आपला हिशेब घेण्यास आज तू स्वतःच पुरेसा आहेस. ज्या समाजाची श्रद्धा अशी आहे, त्या समाजातील मुलाला आपल्या गणिताच्या वहीतील चूक स्वतः शोधता येऊ नये, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

बुद्धी, वेळ, स्मरणशक्ती आणि शिकण्याची संधी ही अल्लाहची अमानत आहे. ती आई-वडिलांकडे किंवा संस्थेकडे नव्हे, त्या मुलाकडेच सोपविलेली आहे. आपण तिचे रक्षण करण्यास साहाय्य करू शकतो, परंतु तिचे मालक होऊ शकत नाही.

दोन दिरहमांची हदीस

सुनन अबू दाऊदमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून एक प्रसंग वर्णन केलेला आहे. अन्सारांपैकी एक गरजू मनुष्य प्रेषितांकडे (स.) मदत मागण्यास आला. प्रेषितांनी (स.) त्याला विचारले की तुझ्या घरी काहीच नाही का? त्याने सांगितले की एक जाडे कापड आहे, त्याचा काही भाग आम्ही पांघरतो व काही अंथरतो; आणि पाणी पिण्याचे एक लाकडी भांडे आहे. प्रेषितांनी (स.) त्या दोन्ही वस्तू आणावयास सांगितल्या, स्वतःच्या हातात घेतल्या आणि उपस्थितांना विचारले की या कोण विकत घेईल? एकाने एक दिरहम देऊ केला. प्रेषितांनी (स.) अधिक किंमत कोण देतो असे दोन-तीनदा विचारले, तेव्हा दुसऱ्याने दोन दिरहमांना त्या घेतल्या.

ते दोन दिरहम त्या अन्सारी मनुष्याला देऊन प्रेषितांनी (स.) सांगितले की एका दिरहमाचे अन्न घेऊन घरी दे आणि दुसऱ्या दिरहमाची कुऱ्हाड विकत घेऊन माझ्याकडे ये. तो कुऱ्हाड घेऊन आला. प्रेषितांनी (स.) आपल्या हातांनी तिला दांडा बसविला आणि त्याला सांगितले की जा, लाकडे तोड आणि वीक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परत आला तेव्हा त्याने दहा दिरहम कमावले होते आणि त्यातून कपडे व धान्यही खरेदी केले होते.

आपल्या भाषेत कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ अशी म्हण आहे. येथे मात्र तोच दांडा एका कुटुंबाचा आधार झाला, कारण तो ज्या हाताने बसविला तो हात करुणेचा होता आणि ज्या हाती दिला तो हात त्या माणसाचा स्वतःचा होता.

ही हदीस सामान्यतः भीक मागण्याच्या निषेधासाठी सांगितली जाते. परंतु साहाय्य कसे करावे, याचा संपूर्ण क्रमच तिच्यात आहे. सुरुवात त्या माणसाजवळ जे होते तेथून झाली. प्रथम भूक भागविली गेली. मग साधन आले. साधन वापरण्याजोगे करून देण्यात आले. काम त्याने स्वतः केले. मुदत ठरली आणि अखेरीस हिशेब झाला. शिक्षणाच्या बाबतीत हाच क्रम आपण एकेक करून पाहू या.

पहिला दिरहम : आधी भूक

उपाशी मुलाला स्वावलंबनाचा उपदेश करणे, ही प्रेषितांची (स.) पद्धत नाही. मस्जिदे नबवीच्या मागील बाजूस छप्पर घातलेल्या ओट्यावर, ज्याला सुफ्फा म्हणतात, घरदार नसलेले विद्यार्थी राहत असत. सहीह मुस्लिममध्ये उल्लेख आहे, की अन्सारांपैकी कुरआनचे जाणकार असलेले सत्तर जण दिवसा पाणी भरीत, लाकडे गोळा करून विकीत आणि त्या पैशांतून सुफ्फावासीयांसाठी अन्न आणीत. रात्री ते कुरआनचा अभ्यास करीत. म्हणजे शिकणाऱ्यांच्या पोटाची काळजी शिकलेले लोक घेत होते.

हजरत अबू हुरैरा (रजि.) याच सुफ्फावर राहत. भुकेने कळवळण्याचे प्रसंग त्यांच्यावर आले आहेत. सहीह बुखारीत आहे, की एकदा ते अत्यंत भुकेले असताना प्रेषितांकडे (स.) दुधाचा पेला भेट म्हणून आला. प्रेषितांनी (स.) त्यांना सुफ्फावरील सर्वांना बोलावण्यास सांगितले आणि सर्वांना दूध पाजण्याचे काम त्यांच्यावरच सोपविले. सर्वांचे झाल्यावर त्यांना बसवून आग्रहाने पुन्हा पुन्हा पाजले, इतके की आता जागाच उरली नाही असे त्यांना सांगावे लागले. भुकेल्याला नुसते दूध मिळाले नाही. त्याला वाटप करणाऱ्याचा मानही मिळाला.

मदत देताना हा मान राखणे फार महत्त्वाचे आहे. इमाम अबू हनीफा (रहे.) यांचे शिष्य अबू यूसुफ (रहे.) गरीब घरातील होते. घरच्यांना त्यांच्या कमाईची गरज होती आणि त्यामुळे त्यांचे शिक्षण सुटू लागले होते. इमामांच्या हे लक्षात आले. त्यांनी शंभर दिरहमांची थैली दिली, वर्गात येत राहण्यास सांगितले, आणि पुढे पैसे संपल्याचे सांगण्याची वेळ त्यांच्यावर येऊ न देता ते देत राहिले. हेच अबू यूसुफ (रहे.) पुढे खलीफा हारून रशीदच्या काळात मुख्य काझी झाले.

याउलट आपण काय करतो? वह्यांचे वाटप करतो तेव्हा मुलांना रांगेत उभे करतो, छायाचित्रे काढतो आणि ती मोबाइलवर सर्वांना पाठवितो. जो मुलगा त्या छायाचित्रात मान खाली घालून उभा आहे, त्याने ती वही आपली समजावी कशी?

दुसरा दिरहम : साधन त्याच्या हाती

दुसऱ्या दिरहमाची कुऱ्हाड प्रेषितांनी (स.) स्वतः आणून दिली नाही. ती विकत घेण्यासाठी त्या माणसालाच पाठविले. लहानशी वाटणारी ही गोष्ट मोठी आहे. साधन निवडण्याचे काम त्याचे होते.

इमाम शाफई (रहे.) यांचे बालपण पाहा. हिजरी सन १५० मध्ये गाझा येथे त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि आई त्यांना मक्केला घेऊन आली. गुरुजींना देण्यास आईजवळ काही नव्हते. तेव्हा गुरुजींनी शुल्काऐवजी एक काम पत्करले : आपल्या गैरहजेरीत या मुलाने इतर मुलांकडे लक्ष द्यावे. कागद घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ते हाडांवर लिहीत आणि ती हाडे मडक्यात साठवून ठेवीत. सरकारी कचेरीत जाऊन वापरलेले कागद मागून आणीत व त्यांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत. वयाच्या सातव्या वर्षी कुरआन आणि दहाव्या वर्षी इमाम मालिक (रहे.) यांचा मुवत्ता त्यांना मुखोद्गत होता.

गरिबीचे कौतुक करण्यासाठी हे उदाहरण दिलेले नाही. मुलाला हाडांवर लिहावे लागणे ही समाजाची लाजच आहे. येथे बघण्यासारखी गोष्ट ही, की गुरुजींनी फी माफ करून त्याला उपकाराखाली ठेवले नाही, त्याला जबाबदारी दिली. जो इतरांच्या अभ्यासाकडे लक्ष देतो, त्याचा स्वतःचा अभ्यास आपोआप पक्का होतो.

हे तत्त्व आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही रुजले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे विविध जातिधर्मांची गरीब मुले एकत्र राहत, स्वयंपाकपाणी व श्रमाची कामे स्वतः करीत आणि शिकत. कमवा आणि शिका ही कल्पना तेथूनच महाराष्ट्रभर पसरली. श्रम करणारा विद्यार्थी शिक्षणाला आपली कमाई समजतो, हे त्यांनी ओळखले होते.

आज आपल्या मुलांसाठी साधने पुष्कळ आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते; तीत निवड झालेल्यास नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ज्यांचे शिक्षण मध्येच सुटले, त्यांच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कार्यरत आहे. परंतु आपण काय करतो? अर्ज मोठा भाऊ भरतो, उत्पन्नाचा दाखला वडील आणतात, आणि मुलाला हेही ठाऊक नसते की आपण कोणत्या परीक्षेला बसत आहोत. त्याला सोबत घेऊन जावे. अर्जातील प्रत्येक रकाना त्यानेच भरावा, आपण शेजारी बसून तपासावा. एका अर्जात त्याला शिष्यवृत्तीपेक्षा अधिक काही मिळून जाईल.

दांडा बसविणारा हात

कुऱ्हाड आणली, परंतु तिला दांडा नव्हता. दांड्याविना कुऱ्हाड निरुपयोगी असते. प्रेषितांनी (स.) तो स्वतःच्या हातांनी बसविला, मात्र लाकडे तोडून दिली नाहीत. शिकविणाऱ्याचे काम नेमके कोठे सुरू होते आणि कोठे थांबते, हे यावरून कळते.

बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली एक घटना आहे. एक मनुष्य मस्जिदीत आला, घाईघाईने नमाज अदा केली आणि प्रेषितांना (स.) सलाम केला. प्रेषितांनी (स.) सलामाचे उत्तर देऊन त्याला परत जाऊन नमाज अदा करण्यास सांगितले, कारण त्याची नमाज झालीच नव्हती. असे तीन वेळा घडले. अखेर तो म्हणाला की याहून चांगली मला येत नाही, आपणच शिकवा. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला एकेक कृती क्रमाने समजावून सांगितली.

पहिल्याच वेळी चूक दाखविता आली असती. परंतु तीन वेळा स्वतः करून पाहिल्यानंतर त्या माणसाला आपले न्यून कळले आणि शिकण्याची मागणी त्याच्या मुखातून आली. मागणी आल्यावर मात्र प्रेषितांनी (स.) क्षणाचाही विलंब लावला नाही आणि त्याला टोचूनही बोलले नाहीत. आपल्या घरी मुलाचे गणित अडले की आपण एक तर रागावतो किंवा उत्तर सांगून मोकळे होतो. या दोहोंच्या मधला मार्ग सुन्नतचा आहे : पुन्हा करून बघ, कोठे अडले ते सांग, मग आपण मिळून पाहू.

विचारणेही शिकवावे लागते. हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) सांगतात, की एकदा प्रेषितांनी (स.) उपस्थितांना कोडे घातले : असे कोणते झाड आहे, ज्याची पाने गळत नाहीत आणि जे मुस्लिमासारखे आहे? अब्दुल्लाह तेव्हा लहान होते. त्यांच्या मनात खजुराचे झाड आले, पण वडीलधारी मंडळी गप्प होती म्हणून तेही संकोचाने गप्प राहिले. उत्तर खजूरच होते. नंतर त्यांनी वडिलांना हे सांगितले तेव्हा हजरत उमर (रजि.) म्हणाले की तू ते बोलला असतास तर मला मोठ्या संपत्तीहूनही अधिक आवडले असते (बुखारी). मोठ्यांसमोर बोलू नये हेच ज्या घरांत शिकविले जाते, त्या घरांतील मुलगा वर्गात हात वर करणार कसा? घरी दखनी किंवा उर्दू बोलणारे आणि शाळेत मराठी माध्यमात शिकणारे मूल तर दुहेरी संकोचात असते. त्याचे उच्चार ऐकून हसणारा पाहुणाही त्याच्या शिक्षणाची हानी करीत असतो.

मुलाचे मत विचारणे ही नबींची परंपरा आहे. हजरत इब्राहीम (अ.) यांना स्वप्नात मुलाच्या बलिदानाचा संकेत मिळाला. अल्लाहची आज्ञा होती, तरीही त्यांनी मुलाला ते सांगून त्याचे मत विचारले (सूरह साफ्फात, आयत १०२). जिथे इतक्या मोठ्या गोष्टीत पुत्राला विचारले गेले, तिथे दहावीनंतर कोणती शाखा घ्यावी, हे मुलाला न विचारताच ठरविणे योग्य ठरत नाही.

पंधरा दिवसांची मुदत

प्रेषितांनी (स.) त्या अन्सारी माणसाला मुदत दिली. ती फार लांब नव्हती आणि फार जवळचीही नव्हती. त्या काळात रोज त्याच्यामागे कोणी लागले नाही. परंतु शेवटी त्याला येऊन सांगायचे होते.

हजरत जैद बिन साबित (रजि.) यांचे वडील ते लहान असतानाच बुआसच्या लढाईत मारले गेले होते. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा ते सुमारे अकरा वर्षांचे होते आणि कुरआनच्या सतरा सूरह त्यांना पाठ होत्या. प्रेषितांनी (स.) या मुलाची बुद्धी ओळखली आणि त्याला एक ठोस काम दिले : यहुद्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी त्यांचे लेखन शिकून घे. तिरमिजीमधील हदीसनुसार अर्धा महिना पूर्ण होण्यापूर्वीच त्यांनी ते आत्मसात केले. पुढे ते प्रेषितांसाठी (स.) पत्रे लिहू व वाचू लागले, आणि हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या खिलाफतीत कुरआन एकत्र करण्याचे महान कार्य त्यांच्याकडेच सोपविण्यात आले. ज्या अनाथ मुलावर विश्वास टाकला गेला, त्याने संपूर्ण उम्मतचा विश्वास पेलला.

मुलाला 'खूप अभ्यास कर' असे सांगणे म्हणजे दांडा नसलेली कुऱ्हाड देणे होय. त्याऐवजी त्यानेच पंधरा दिवसांचे एक लहान उद्दिष्ट ठरवावे : अपूर्णांकांची बेरीज, इतिहासाचे दोन धडे किंवा इंग्रजीचे शंभर शब्द. एक साधी वही घेऊन तिच्यात तीन रकाने आखावेत : आज काय करायचे ठरविले, काय झाले, आणि कोठे अडले. तिसरा रकाना सर्वांत मोलाचा आहे. आपल्याला काय येत नाही हे ज्याला नेमके लिहिता येते, त्याने निम्मी वाट पार केलेली असते. ही वही मुलाची असावी. पालकांनी ती शिक्षा देण्यासाठी उघडू नये. दर शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर दहा मिनिटे त्याच्याशेजारी बसावे आणि त्यानेच ती वाचून दाखवावी. हजरत उमर (रजि.) यांचा प्रसिद्ध उपदेश आहे, की तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्ही स्वतःचा हिशेब घ्या. दहा वर्षांच्या मुलासाठी त्याचा अर्थ हाच.

वेळापत्रकही मुलाला झेपेल असेच असावे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी आपल्या रात्रीचे तीन भाग केले होते : एक नमाजसाठी, एक झोपेसाठी आणि एक हदीस आठवण्यासाठी. नुसते ऐकून ते थांबत नसत. पुन्हा आठवून पाहत असत. पुस्तक मिटून आठवणे, न पाहता लिहिणे आणि मग ताडून पाहणे, ही अभ्यासाची सर्वांत उपयुक्त रीत आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. रोज अर्धा तास पुरे, पण रोज. अल्लाहला सातत्याने केलेले कर्म अधिक प्रिय आहे, मग ते थोडे का असेना, हे आपल्याला बुखारी व मुस्लिममधील हदीसवरून ठाऊकच आहे.

मुलींच्या वाट्याची कुऱ्हाड

येथे आपण प्रामाणिकपणे एका गोष्टीकडे पाहिले पाहिजे. शाळेतून आल्यावर मुलगा पुस्तक उघडून बसतो किंवा खेळायला जातो. मुलगी भांडी घासते, लहान भावंडे सांभाळते, पाणी भरते. मग तिच्या निकालावरून तिला अभ्यासात रस नाही असा निष्कर्ष काढला जातो. जिच्या हाती वेळच दिला नाही, तिच्याकडून लाकडांचा हिशेब मागणे न्यायाचे नाही.

मदीनेच्या स्त्रियांनी प्रेषितांकडे (स.) स्वतः जाऊन मागणी केली होती की पुरुषांमुळे आम्हाला संधी मिळत नाही, आमच्यासाठी एक दिवस ठरवून द्यावा, आणि प्रेषितांनी (स.) तो ठरवून दिला (बुखारी). हजरत आयशा (रजि.) अन्सारी स्त्रियांची प्रशंसा करीत, कारण लज्जा त्यांना धर्माचे ज्ञान समजून घेण्यापासून रोखीत नसे. आपल्या मुलीलाही तिचा वेळ मागू द्यावा. ती मागत नसेल तर आपणच विचारावे. रोजचे दोन तास तिचे म्हणून ठरवावेत आणि त्या वेळेत घरातील काम भावाने करावे. प्रेषित (स.) स्वतः घरातील कामांत हातभार लावीत, हे आपण विसरू नये.

एक सावधगिरी

शिकण्याची जबाबदारी मुलाची आहे, याचा अर्थ आपली जबाबदारी संपली असा होत नाही. हा गैरसमज फार घातक आहे. शाळेत शिक्षक नसतील, घरात दिवा नसेल, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहत असतील, यंत्रमागाचा खडखडाट रात्रभर चालत असेल, आणि आपण म्हणू की ज्याला शिकायचे तो शिकतोच, तर हे निर्दयपणाचे बोलणे होईल. मुलाचे अपयश त्याच्या माथी मारण्यासाठी सूरह नज्मच्या आयतीचा उपयोग करणे हा तिच्यावर अन्याय आहे.

सूरह अबसच्या सुरुवातीच्या आयती आठवाव्यात. प्रेषित (स.) कुरैशच्या प्रतिष्ठितांशी बोलण्यात मग्न असताना अंध सहाबी अब्दुल्लाह बिन उम्मे मकतूम (रजि.) शिकण्याच्या ओढीने धावत आले, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले तेव्हा अल्लाहने त्याकडे लक्ष वेधले. जो स्वतःहून येतो, त्याच्याकडे पाठ फिरविता येत नाही. मग तो कितीही दुर्बल असो. विद्यार्थ्याकडून प्रयत्नांची अपेक्षा करणाऱ्या समाजावर हे बंधन आहे, की प्रयत्न करून जो दारात आला त्याला दार उघडे मिळावे.

म्हणून मोहल्ल्याची जबाबदारीही ठरली पाहिजे. ज्या घरांत अभ्यासाला जागा नाही, त्यांच्यासाठी मस्जिदीतील किंवा मकतबमधील एक खोली मगरिबनंतर उघडी ठेवता येईल. दिवा, पंखा, चटया आणि एक कपाट, एवढेच लागते. तेथे शिकवणी नसावी, अभ्यास असावा. नववीच्या मुलाने सहावीच्याला समजावून सांगावे. खोलीची किल्ली, उपस्थितीची नोंद आणि पुस्तकांची देवघेव मुलांच्याच हाती असावी. एक मोठा माणूस कोपऱ्यात बसलेला असावा, ज्याला विचारता येईल, पण जो विचारल्यावाचून बोलणार नाही. बद्रच्या लढाईनंतर खंडणी देऊ न शकणाऱ्या साक्षर कैद्यांकडून मदीनेच्या मुलांना लिहिणे शिकवून घेण्यात आले, हे लक्षात ठेवावे. ज्या समाजाने आपल्या कैद्यांतही शिक्षक शोधले, त्याच्या वारसांना आपल्या मोहल्ल्यात एक माणूस सापडू नये का?

घरासाठी स्वाध्याय

हा पाठ वाचून झाल्यावर कुटुंबाने एकत्र बसून पुढील गोष्टी कराव्यात.

१. घरातील प्रत्येक मुलाला विचारावे की तुला कोणता विषय सर्वांत अवघड जातो आणि नेमका कोठे. त्याने सांगितलेले शांतपणे ऐकावे, उपदेश करू नये.

२. पंधरा दिवसांचे एक उद्दिष्ट मुलाने स्वतः निवडावे आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहावे.

३. आई किंवा दादी निरक्षर असेल तर मुलाने रोज शिकलेला एक भाग तिला समजावून सांगावा. तिला समजले तर मुलाला तो आला. ज्या आईला वाचता येत नाही, तीही अशा प्रकारे मुलाची परीक्षक होऊ शकते.

४. पंधराव्या दिवशी हिशेब करावा. दहा दिरहम आले असतील तर अल्लाहचे आभार मानावेत. दोनच आले असतील तर मुलाला लाजवू नये; पहिला दिरहम कमी पडला की दांडा सैल होता, हे त्याच्यासोबत बसून शोधावे.

५. जकात व सदक्यातून शिक्षणासाठी मदत करणाऱ्यांनी यंदा एका तरी विद्यार्थ्याला नुसती वही न देता त्याला भेटावे आणि तो काय शिकत आहे, हे त्याच्याच मुखातून ऐकावे.

हजरत अब्दुल्लाह बिन अब्बास (रजि.) प्रेषितांच्या (स.) निधनाच्या वेळी किशोरवयीन होते. त्यांनी एका अन्सारी मित्राला म्हटले की चल, सहाबा अजून हयात आहेत, त्यांच्याकडून विचारून घेऊ. मित्राने हसून उत्तर दिले की एवढे मोठे लोक असताना तुझी गरज कोणाला पडणार? मित्र मागे राहिला. इब्ने अब्बास (रजि.) मात्र दुपारच्या उन्हात सहाबांच्या दारी जात, ते विश्रांती घेत असतील तर चादर उशाला घेऊन उंबऱ्याशी पडून राहत, वारा त्यांच्या अंगावर धूळ उडवी. पुढे लोक ज्ञानासाठी त्यांच्याभोवती गर्दी करू लागले, तेव्हा तो मित्र म्हणाला की हा तरुण माझ्याहून शहाणा निघाला.

त्यांना त्या दाराशी कोणी नेऊन बसविले नव्हते. परंतु आतून दार उघडणारा माणूसही तेथे होता. आपल्या मुलांना दारापर्यंत स्वतः चालत जाण्याची सवय लागावी, आणि आपण ते दार उघडणारे व्हावे, यातच त्यांचे व आपले कल्याण आहे.

हे अल्लाह, आमच्या मुला-मुलींचे ज्ञान वाढव, त्यांना आपल्या अमानतीची जाणीव दे, आणि आम्हाला त्यांचे खरे साहाय्यक बनव. आमीन.